वाचक विचारतात : आज्जीच्या डबीतलं मुठेल

प्रश्न : परवा एका साबणाच्या वेष्टनावर 'व्हेजिटेबल टॅलो' वाचलं. टॅलो म्हणजे जनावराची चरबी ना? मग झाडाला चरबी कुठून आली? माझी आज्जी थंडीत टाचांना एक फिकट पिवळा गोळा लावायची, त्याला मुठेल म्हणायची. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
(राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आहे की! आणि तुमची आज्जी बहुतेक घाटाखालची. मुठेल हा शब्द आपल्याकडे घाटावर फारसा ऐकू येत नाही. मुठेल म्हणजे कोकमतेल, रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या फळाच्या बियांतलं. नावाला तेल, पण थाळीत ठेवलं तर दगडासारखं बसून राहतं. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, त्यामुळे ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. जनावराची चरबीही साधारण अशीच गोठते, म्हणून इंग्रजांनी अशा बियांच्या तेलांनाही टॅलो म्हटलं. केरळ-कर्नाटकच्या घाटात धुपाचं झाड आहे, त्याच्या बियांच्या तेलाला ते मलबार टॅलो म्हणत. त्याच्या मेणबत्त्या आणि साबण होत. आपल्या मोहाच्या टोळंबीचं, म्हणजे बियांचं, तेलही थंडीत असंच थिजतं. तेव्हा वेष्टनावर 'व्हेजिटेबल' असेल तर निर्धास्त राहा. 'सोडियम टॅलोएट' लिहिलेलं असेल तर ते मात्र जनावराचंच.

लहानपणी मे महिन्यात लाल एसटीनं करूळ घाट उतरून आम्ही वैभववाडीला मामाकडे जायचो. अंगणात एकीकडे सोलं वाळत पडलेली, दुसरीकडे सुपात बिया. एका रातांब्यात पाच-सात बिया निघतात आणि बुळबुळीत गरामुळे त्या हाताला चिकटून बसतात. वाळल्यावर मामी त्यांची टरफलं काढायची, आतला गर कुटून बारीक करायची आणि पाण्यात घालून चुलीवर रटरटत ठेवायची. रात्रभर भांडं तसंच. सकाळी पाण्यावर पांढरट चकती धरलेली असे. ती उचलून पुन्हा कढवायची, पाणी उडालं की कोमट असतानाच मुठीत दाबून गोळे करायचे. बोटांचे ठसे त्या गोळ्यावर स्पष्ट दिसत. माझ्या समजुतीप्रमाणे नाव त्यावरूनच पडलं असावं.

भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहून मामीच्या टाचा भेगाळलेल्या असत. रात्री ती पळीत मुठेलाचा तुकडा टाकून पळी निखाऱ्यावर धरायची आणि थेंब थेंब भेगेत सोडायची. थेंब आत जाऊन गोठला की भेग बुजायची, माती आत जात नसे. तुम्हीही तसंच करा, नुसता गोळा टाचेवर घासत बसू नका. फक्त थेंब सोसवेल इतकाच गरम ठेवा.

लक्ष्मीपुरीत आमसूल पोत्यानं मिळतं, मुठेल मात्र विचारावं लागतं. आमसूल घाट चढतं, बिया खालीच राहतात.

प्रश्न : चीनमध्ये चरबीचं झाड असतं म्हणे. शेताच्या बांधाला लावावं का?
(गडहिंग्लज)

उत्तर : नको. चीनमध्ये त्याची लागवड कित्येक शतकांची आहे. बोंडात तीन बिया, त्यांवर पांढऱ्या मेणाचा थर. गरम पाण्यात तो सुटतो आणि त्याच्या मेणबत्त्या होतात. आतल्या गराचं पातळ तेल दिव्याला नि रोगणाला चालतं. झाड गुणी आहे, पण चीक त्वचेला झोंबतो आणि पक्षी बिया लांबवर नेतात. बेंजामिन फ्रँकलिननं १७७२ मध्ये त्याच्या बिया जॉर्जियाला पाठवल्या होत्या. आज टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत लोक ते झाड उपटता उपटता बेजार झालेत.

बांधाला कोकमच लावा, पण कलम घ्या, रोप नको. बियांच्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि ते फुलं येईपर्यंत कळत नाही. मी रोपवाटिकेवाल्याच्या शब्दावर परसात दोन रोपं लावली, आठ वर्षं पाणी घातलं. दोन्ही नर! दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती आहेत. त्यांचं कलम पावसाच्या सुरुवातीला लावा आणि पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात झावळ्यांचा आडोसा करा, आपल्याकडचं ऊन कोवळ्या कोकमाला सोसत नाही.