मित्रांसोबत केव्ह डायव्हिंग आणि कॅम्पिंगचा बेत आहे. ओपन वॉटर सर्टिफिकेटवर (डायव्हिंगच्या प्राथमिक कोर्सच्या कार्डावर) गुहेत उतरता येईल का?

तुमच्या लांबलचक प्रश्नाचा सारांश असा: तुम्ही सहा मित्र. चौघांकडे ओपन वॉटर सर्टिफिकेट, दोघं डायव्हिंग करत नाहीत. पाण्याखालच्या गुहेशेजारी तीन दिवस तंबू ठोकायचे, गाइड न घेता आपले आपण आत जायचं, शेवटच्या सकाळी एक डाइव्ह मारून संध्याकाळी विमान पकडायचं. आणि सोबत काय न्यायचं ते सांगा.

कॅम्पिंग खुशाल करा. गुहेत उतरू नका. कॅव्हर्नपर्यंत गाइडसोबत जाता येईल. मी केव्हचं पूर्ण प्रशिक्षण घेतलंय, अशा कॅम्पना मित्रांसोबत नेहमी जातो, त्यामुळे हे लांबून दिलेलं ज्ञान समजू नका.

आधी कॅव्हर्न आणि केव्ह यांतला फरक. गुहेच्या तोंडाकडचा ज्या भागातून बाहेरचा उजेड डोळ्यांना दिसत राहतो, तो कॅव्हर्न. उजेड दिसेनासा झाला की केव्ह सुरू. समुद्रात हवा संपली, मास्क गेला, बडी (सोबतचा डायव्हर) दिसेनासा झाला, तरी शेवटची एक वाट उरते: सरळ वर. ओपन वॉटरचा सगळा अभ्यासक्रम त्या वाटेच्या भरवशावर रचलेला आहे. गुहेत डोक्यावर खडक असतो. साठ मीटर आत गेलेल्या माणसाला साठ मीटर मागे आल्याशिवाय श्वास नाही, मग तो कितीही चांगला पोहणारा असो. तुमच्या कार्डाला कमी लेखत नाहीये, ते कार्ड या कामासाठी दिलेलंच नाही.

फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या बऱ्याच गुहांच्या आत, जिथे कॅव्हर्न संपतो तिथे, हातात कोयता घेतलेल्या यमदूताचं चित्र असलेली पाटी लावलेली आहे. इथून पुढे जाऊ नका, इथे मेलेल्यांत ओपन वॉटरचे प्रशिक्षकही आहेत, असा तिचा मजकूर. तिथल्या काही ठिकाणी तर केव्हचं प्रशिक्षण नसलेल्यांना पाण्यात टॉर्च नेऊच देत नाहीत. मला हा नियम फार आवडतो. हातात टॉर्च नसला की अंधाराशी आल्यावर माणूस आपोआप मागे फिरतो. टॉर्च असला की 'त्या वळणापर्यंत जाऊन बघू' सुरू होतं.

१९७०च्या दशकात शेक एक्सली नावाच्या अमेरिकन केव्ह डायव्हरने गुहांमधल्या अपघातांच्या हकिगती बारकाईने तपासल्या. त्याला तीच तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसली: वाट दाखवणारी, बाहेरपर्यंत सलग दोरी नव्हती, परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती, किंवा खास वायूमिश्रण न घेता साध्या हवेवर फार खोल गेले. पुढे त्यांत प्रशिक्षण आणि दिवे यांची भर पडली. आजचे नियम बहुतेक यांतूनच आलेत. (एक्सली स्वतः १९९४ साली मेक्सिकोतल्या साकातोन नावाच्या पाण्याने भरलेल्या विवरात अतिखोल डाइव्ह करताना गेला. तोपर्यंत या विषयात त्याच्याहून जाणता माणूस सापडणं कठीण होतं.)

हवेचा नियम ऐकायला सोपा आहे: एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश परत यायला, उरलेला एक तृतीयांश बडीसाठी राखीव. पण मित्रांच्या टोळक्यात सगळ्यांचे सिलिंडर सारखे नसतात, आणि तिथे हिशोब फसतो. समजा तुमच्याकडे १२ लिटरचे दोन सिलिंडर, २१० बारला (बार म्हणजे दाबाचं एकक) भरलेले. एकूण ५०४० लिटर हवा, तिचा तिसरा हिस्सा १६८०. मित्राकडे साडेआठ लिटरचे दोन, तेही २१० बारला. एकूण ३५७०, तिसरा हिस्सा ११९०. दोघांचा हवेचा दाब दाखवणारा काटा सुरुवातीला २१० दाखवतो, म्हणून दोघांनी ठरवलं की १४० झाला की फिरायचं. आता सगळ्यात आतल्या टोकाला तुमची हवा गेली, म्हणजे पूर्णच गेली. मित्राकडे उरलेत २३८० लिटर. बाहेर यायला तुम्हाला १६८० लागणार, त्याला ११९०, मिळून २८७०. जवळजवळ पाचशे लिटर कमी. म्हणजे तुम्ही मुळात ११९० लिटरच वापरून, १६०च्या आसपास फिरायला हवं होतं. काट्यावरचा आकडा सारखा म्हणजे हवा सारखी, हा घोटाळा चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या डोक्यात असतो. शिवाय हा हिशोब धरतो की येताना श्वास जातानासारखाच शांत असेल. घाबरलेला माणूस तसा श्वास घेत नाही. आणि प्रवाह आत ओढणारा असेल, तर परतताना त्याच्याविरुद्ध पोहावं लागतं, तिथे तृतीयांशही कमीच पडतो.

दुसरी गोष्ट गाळ. गुहेचा तळ बऱ्याचदा पिठासारख्या बारीक गाळाने झाकलेला असतो. पोहण्याच्या तलावात मारतो तशी वर-खाली लाथ मारली की पायातल्या फिनचा झोत थेट त्यावर बसतो आणि काही सेकंदांत स्वतःच्या हातातला काटा दिसत नाही. म्हणून गुडघे वाकवून, फिन वर धरून बेडकासारखं पोहायचं. पण तुम्ही कितीही सांभाळा, श्वासाचे बुडबुडे छतावर आपटून वरूनही कण झडतात. त्या वेळी उपयोगी पडते ती फक्त दोरी.

दोरीचा सराव मात्र तुम्ही सहाही जण कॅम्पवर करू शकता. पाण्यात जायची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर अशा सहलीतला हा सगळ्यात मजेचा भाग असतो. आम्ही रीलची दोरी झाडाझाडांना कंबरेच्या खाली गुंडाळत नेतो, मुद्दाम वाकडीतिकडी, एखाद्या ठिकाणी दोन बुंध्यांच्या अरुंद फटीतून. मग मास्कवर काळी पट्टी लावून निघायचं. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दोरी त्यात सैल धरायची, ओढायची नाही. गुंडाळी आली की एक हात अलीकडे ठेवूनच दुसरा पलीकडे न्यायचा, कारण दोन्ही हात एकदम सुटले की दोरी गेली. मध्ये मध्ये दोरीवर प्लास्टिकचा छोटा बाण अडकवलेला असतो. त्याचं टोक बाहेरच्या दिशेला असतं, आणि ते बोटाने चाचपून ओळखता यायला हवं. मागच्याने पुढच्याचा दंड धरायचा, आणि थांब, चल, मागे या खुणा आधी ठरवलेल्या दाबाने द्यायच्या. बोलणं बंद. आमच्यात डायव्हिंग न करणारी एक मैत्रीण आहे, ती यात सगळ्यांत पटाईत निघाली. ती घाई करत नाही. स्वतःला तरबेज समजणारे गडी हमखास फटीपाशी अडकतात आणि तिथेच वाद घालतात. हा खेळ तुमच्या चौघांनी खेळून पाहावा. जमिनीवर, भरपूर हवेत, घट्ट मुळं असलेल्या झाडांमध्ये इतका गोंधळ होतो, तर पाण्यात काय होईल ते न सांगता कळतं.

आणि दोरी कायम असतेच असंही नाही. एप्रिल २०१७मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर सा पिकेता नावाच्या गुहेत शिस्को ग्रासिया आणि त्याचा जोडीदार परतत होते. दोरी हरवली, तिचा शोध घेताना गाळ उठला आणि हवाही खर्च झाली. दोघांसाठी ती उरली नव्हती. ग्रासिया आतल्या एका दालनात थांबला, जिथे पाण्यावर हवेची पोकळी होती, आणि जोडीदार राहिलेली हवा घेऊन मदत आणायला गेला. ग्रासिया सुमारे साठ तास अंधारात, कार्बन डायऑक्साइड साठलेल्या हवेत बसून राहिला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. हा माणूस वर्षानुवर्षं त्या बेटावरच्या गुहा धुंडाळून त्यांचे नकाशे करणारा. पोकळी कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो वाचला.

आता मित्रांबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या बेतातला खरा धोका तिथेच आहे. अनोळखी गटात माणूस निमूटपणे म्हणतो, 'आज मी येत नाही.' जिवलग मित्रांत ते जमत नाही. एवढ्या लांब आलो, सुट्ट्या जुळवल्या, सगळे सूट चढवून उभे आहेत, आणि आपण खोडा घालायचा? केव्ह डायव्हिंगमध्ये याला उत्तर म्हणून एक कडक रिवाज आहे: कोणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही. अंगठा वर केला की सगळे बाहेर. 'काय झालं?' नाही, 'अजून थोडं' नाही, वर आल्यावर टोमणे नाहीत. तुमच्या टोळक्यात हे पाळलं जाईल का, याचा अंदाज घ्यायला डाइव्ह लागत नाही. नेहमीच्या बैठकीत 'मी आता निघतो' म्हणणाऱ्याला तुम्ही सरळ जाऊ देता की धरून ठेवता, एवढं आठवा.

आमच्या कॅम्पचा ढाचा याच विचाराने ठरलाय. कॅम्प सगळ्यांचा, पाणी ज्याचं त्याचं. ज्यांचं प्रशिक्षण केव्हचं ते दोघा-तिघांच्या गटाने आत जातात, ओपन वॉटरवाले गाइडसोबत कॅव्हर्न बघतात, बाकीचे काठावर. उजेडातल्या कॅव्हर्नमध्ये बघण्यासारखं भरपूर असतं, उन्हाचे झोत निळ्या पाण्यातून तिरपे उतरतात तो देखावा आतल्या काळोखात मिळत नाही. मेक्सिकोच्या युकातान भागातल्या सेनोतेंमध्ये (पाण्याने भरलेल्या नैसर्गिक विवरांमध्ये) हे दौरे केव्ह प्रशिक्षण घेतलेले गाइड नेतात, कायम बांधलेल्या दोरीवरून, छोट्या गटात. तुमच्यासाठी मी तेच सुचवीन. तिथे काही जागी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि दोन्ही मिसळतात त्या थरात सगळं धूसर, थरथरतं दिसतं. पहिल्यांदा वाटतं मास्कच खराब झाला.

गाइडचे पैसे वाचवायचा विचार सोडा.

तुमचे डायव्हिंग न करणारे दोघं बिनकामाचे नाहीत. आत गेलेल्यांची नावं, उतरल्याची वेळ आणि 'इतके वाजेपर्यंत वर आलो नाही तर फोन करा' ही वेळ त्यांच्याकडे कागदावर लिहून द्या. आणीबाणीचा नंबर, जवळच्या रीकम्प्रेशन चेंबरचा (डायव्हिंगच्या आजारावर वाढीव दाबाखाली उपचार करतात त्या खोलीचा) पत्ता, मोबाइलची रेंज कुठे येते ती जागा, हेही. आपण स्वतः शोधायला पाण्यात उतरायचं नाही, हे त्यांना दोनदा बजावा.

कॅम्पवरच्या काही गोष्टींचा डायव्हिंगच्या वर्गात सहसा पुरेसा उल्लेख होत नाही. सिलिंडर भरायला पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर नेणार असाल, तर त्याची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून, जनरेटरपासून आणि शेकोटीपासून दूर, वारा येतो त्या बाजूला ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने सिलिंडरमधला थोडासाही तिथे चौपट जोराने बाधतो. वारा फिरला की कॉम्प्रेसर बंद. रात्री तंबूत उजेडाला डाइव्हचा बॅकअप टॉर्च कोणी वापरू नये. केव्हमध्ये प्रत्येकाकडे एक मुख्य आणि दोन बॅकअप असे तीन दिवे लागतात, आणि रात्री पत्ते खेळताना जाळलेला टॉर्च सकाळी दिवा म्हणून मोजता येत नाही. कॅव्हर्नमध्ये न्यायचा टॉर्चही तंबूत जाळू नका.

दारू, अपुरी झोप आणि कमी पाणी पिणं यांनी डीकम्प्रेशन सिकनेसची (दाब कमी होताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराची) शक्यता वाढू शकते, आणि कॅम्पवर तिन्ही एकत्र येतात. ज्या दिवशी डाइव्ह, त्याच्या आदल्या रात्री बाटली बंद. डाइव्हनंतर लगेच सिलिंडर चढावरून ओढू नका, लाकडं फोडू नका. डायव्हिंग न करणाऱ्यांना हे काम द्या, ते कुरकुरतील. गार पाण्यातून निघाल्या निघाल्या शेकोटीला अगदी चिकटूनही बसू नका. कोरडे कपडे घाला, हळूहळू ऊब येऊ द्या.

पावसाचा अंदाज फक्त कॅम्पच्या जागेचा बघू नका, पाणी जिथून गुहेत येतं त्या सगळ्या भागाचा बघा. २०१८मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा कोच चालत आत गेले होते, पुराच्या पाण्याने परतीची वाट बुडवली. त्या बचावकार्यात थाई नौदलाचा माजी डायव्हर समन कुनान गेला, तोही सिलिंडर पोचवून परत येताना.

विमानाबद्दल: उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तिथेही हाच आजार होऊ शकतो. तीन दिवस रोज डाइव्ह करणार असाल, तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास उड्डाण नको, अशी शिफारस आहे. मी २४ धरतो. म्हणजे शेवटच्या सकाळची डाइव्ह रद्द करा किंवा तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा. कॅम्पवरून परतीचा रस्ता उंच घाटातून जात असेल, तर हाच हिशोब गाडीलाही लावा.