पोस्टातलं खातं मोडून पुस्तक काढू का?

प्रश्न : गंगाखेडचा निवृत्त शिक्षक आहे. घर पेन्शनवर चालतं. १९७२च्या दुष्काळाच्या आठवणींचं पुस्तक काढायचंय. हजार प्रती, संपादन, ई-बुक, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मिळून प्रकाशक १,४०,००० मागतोय. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ५ लाख आहेत, दीड वर्ष झालं. मोडू का?

सर, मोडू नका. त्या खात्यातून लागतील तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं की ठेवीतून दीड टक्का कापतात. म्हणजे छपाईआधीच ७,५०० गेले.

आता वसुली. किंमत २५० ठेवली, विक्रेत्याला ४० टक्के सोडले, तर प्रतीमागे हाती १५०. नुसते घातलेले पैसे निघायला ९३४ प्रती खपाव्या लागतील. पाहुण्यारावळ्यांना तर आपण फुकटच देणार. माझ्या सासऱ्यांच्या कवितासंग्रहाचे गठ्ठे आमच्या माळ्यावर आहेत. दर दिवाळीला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात.

पण मला खरं खटकलं ते वेगळंच. तुम्ही पाठवलेली नमुन्याची वीस पानं वाचली. संपादन झालंय म्हणे! 'दुसऱ्या'चं सगळीकडे 'दुसर्या' झालंय. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला आणि नंतर कुणी डोळ्याखालून घातलाच नाही, की हे होतं. आणि खडी फोडायला निघालेले तुमचे वडील म्हणतात, 'मी कामावर जात आहे.' तुमच्या हस्तलिखितात ते 'जायलो' म्हणतात. चूक होती ती राहिली, बरोबर होतं ते दुरुस्त केलं. याला पैसे द्यायचे?

खात्याचं व्याज ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १०,२५० येतं. चार तिमाह्या थांबा, ४१,००० जमतील. त्यातून आधी आपल्याकडची बोली कळणारा संपादक गाठा, मग अक्षरांच्या चुका शोधणारा मुद्रितशोधक. दोन्ही कामं एकाच माणसाला देऊ नका. उरलेल्यात डिजिटल छपाईनं बसतील तेवढ्याच प्रती काढा, शंभर निघाल्या तरी पुरे. आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नका. ई-बुक स्वतःच्या मोबाइलवर उघडून, जोडाक्षरं तपासून मगच शेवटचा हप्ता द्या. मजकुराची आणि मुखपृष्ठाची मूळ फाईल तुमच्या ताब्यात राहील हे करारात लिहून घ्या, म्हणजे आणखी प्रती लागल्या तर परभणीत कुठंही छापता येतील.