हॉल, गॅलरी, टेरेस आणि बंगला: घराच्या इंग्रजीबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न घर आणि इमारतींच्या शब्दांबद्दलचे आहेत. बेडरूम, किचन, विंडो एवढं सगळ्यांनाच येतं, त्यामुळे ते सोडून दिलंय आणि त्याच्या पुढे जिथे घोडं अडतं तेवढंच घेतलंय.

प्रश्न: ऑनलाइन क्लासमध्ये ब्रिटिश टीचरना मी घराचं वर्णन सांगत होते. आमच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही, डायनिंग टेबल सगळं आहे आणि संध्याकाळी आम्ही टेरेसवर बसतो, असं म्हटलं. त्या गोंधळून म्हणाल्या, हॉलमध्ये एवढं सगळं मावतं? माझं काय चुकलं?

ताई, ग्रामर अगदी बरोबर होतं तुमचं, गडबड झाली ती आपल्या घरात वर्षानुवर्षं राहून मराठी झालेल्या इंग्रजी शब्दांची. ब्रिटिश माणसाच्या घरात हॉल म्हणजे मुख्य दार उघडलं की लागणारा पॅसेज, जिथे कोट अडकवतात, बूट काढतात आणि जिथून बाकीच्या खोल्यांची दारं नि जिना सुरू होतो. तिथे डायनिंग टेबल म्हटल्यावर बाई गोंधळणारच. आपण बसतो ती लिव्हिंग रूम, ब्रिटिश लोक सिटिंग रूम किंवा लाउंजही म्हणतात. नुसतं हॉल म्हटलं तर दुसरा अर्थ थेट टाउन हॉल, कॉन्सर्ट हॉल असा सार्वजनिक होतो.

टेरेसचं तर आणखी वेगळं. ब्रिटनमध्ये रांगेत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या ओळीला टेरेस म्हणतात, त्यातलं एक घर म्हणजे टेरेस्ड हाउस, अमेरिकेत त्यालाच रो हाउस म्हणतील. शिवाय घराला लागून जमिनीवरच फरशी घातलेली बसायची जागा असते तीही टेरेसच. आपली वरची गच्ची सांगायची असेल तर फ्लॅट रूफ, रूफटॉप किंवा रूफ टेरेस म्हणा. नुसतं 'वी सिट ऑन द रूफ' म्हणालात तर उतरत्या कौलांवर तोल सांभाळत चहा पिणारं कुटुंब समोरच्याच्या डोळ्यापुढे येईल!

याच पंक्तीतले बाकीचे शब्द पटापट बघून टाकू. आपली गॅलरी म्हणजे बाल्कनी, इंग्रजीत गॅलरी म्हटलं की चित्रं लावलेली जागा किंवा थिएटरातली वरची बैठक. आपण ज्या लॉफ्टवर जुन्या बॅगा टाकतो तो फक्त माळा, त्यांचा लॉफ्ट म्हणजे छपराखालची अख्खी जागा, काही लोक तिथे बेडरूमसुद्धा काढतात. 'माय सोसायटी इज व्हेरी क्लीन' म्हटलं तर समोरच्याला वाटेल तुम्ही समाजाबद्दल बोलताय, तिथे सरळ माय बिल्डिंग किंवा हाउसिंग कॉम्प्लेक्स म्हणा. डुप्लेक्स म्हणजे आपल्याकडे आतून जिना असलेला दोन मजली फ्लॅट, पण अमेरिकेत बहुतेक वेळा एकाच इमारतीत दोन वेगळ्या कुटुंबांसाठी केलेली दोन घरं. आणि बीएचके परदेशी माणसाला कळत नाही, टू-बेडरूम फ्लॅट म्हणायचं, टू-बेडरूम्स नाही.

बंगला हा मात्र माझा आवडता, कारण हा आपल्याकडूनच तिकडे गेलाय. बंगालच्या धाटणीचं घर म्हणून बंगला, त्याचं इंग्रजीत बंगलो झालं आणि आज ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ उरला तो एकमजली घर एवढाच. मग 'टू-स्टोरी बंगलो' ऐकून त्यांना हसू येतं. आपल्या दुमजली स्वतंत्र बंगल्याला नुसतं हाउस म्हणा, फारच स्पष्ट करायचं असेल तर डिटॅच्ड हाउस, म्हणजे कुठलीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नसलेलं. एक भिंत सामाईक असलेल्या जोडघरातलं प्रत्येक घर सेमी-डिटॅच्ड. हे दोन शब्द लक्षात ठेवाच, भाड्याच्या जाहिरातींत सारखे येतात.

प्रश्न: फर्स्ट फ्लोअर म्हणजे नक्की कुठला मजला? आणि फ्लोअर आणि स्टोरीमध्ये फरक काय?

समोरचा कुठला इंग्रजी बोलतो त्यावर आहे. ब्रिटिश पद्धतीत जमिनीलगतचा तो ग्राउंड फ्लोअर आणि त्याच्या वरचा फर्स्ट, म्हणजे आपल्यासारखंच. अमेरिकेत जमिनीलगतचाच फर्स्ट, त्यामुळे ब्रिटिशांचा सेकंड तो अमेरिकनांचा थर्ड, आणि मीटिंगला माणूस एक मजला खालीवर भटकत बसतो. अमेरिकन लिफ्टमध्ये (तिकडे एलिव्हेटर) गोंधळ झाला तर बटणाशेजारी चांदणी शोधा, ती जिथे असते तो बाहेर पडायचा मुख्य मजला.

आता फरक. तुम्ही कुठे राहता ते सांगताना फ्लोअर आणि इमारत केवढी ते सांगताना स्टोरी. 'आय लिव्ह ऑन द थर्ड फ्लोअर', इथे ऑन हवं, इन नाही, पण फ्लॅटच्या आधी इनच, 'इन अ फ्लॅट ऑन द थर्ड फ्लोअर'. आणि 'इट्स अ फाइव्ह-स्टोरी बिल्डिंग' म्हणताना तळमजलाही मोजतात, म्हणजे आपली ग्राउंड प्लस चार. स्पेलिंग ब्रिटिशांचं एस टी ओ आर ई वाय, अमेरिकन लोक ई गाळतात आणि ते गोष्टीच्या स्टोरीसारखंच दिसतं.

जाता जाता टॉल आणि हाय. इमारत टॉल असते, 'द बुर्ज खलिफा इज 828 मीटर्स टॉल'. पण भिंत हाय, सीलिंग हाय. हाय-राइज हा शब्द मात्र इमारतीलाच लागतो, तिथे का म्हणून वाद घालू नका, तसाच पाठ करा.

प्रश्न: छताला इंग्रजीत रूफ म्हणायचं की सीलिंग? मी लिहिलं होतं 'द फॅन इज ऑन द रूफ', त्यावर लाल रेघ आली.

लाल रेघ बरोबर आहे, तुम्ही पंखा घरावर नेऊन ठेवलात. खोलीत आडवं पडून वर बघितलं की दिसतं ते सीलिंग, पावसात भिजतं ते रूफ. त्यामुळे पंखा 'हँग्ज फ्रॉम द सीलिंग', गळती 'देअर्स अ लीक इन द रूफ' आणि तिचा डाग मात्र परत ऑन द सीलिंग. खालच्या बाजूलाही तसंच, घरातली जमीन म्हणजे फ्लोअर, बाहेरची ग्राउंड. चमचा किचनमध्ये पडला तर ऑन द फ्लोअर, अंगणात पडला तर ऑन द ग्राउंड.

जिन्याचं पण सांगून टाकतो. स्टेअर्स म्हणजे वर जायच्या पायऱ्या, स्टेअरकेस म्हणजे कठड्यासकट अख्खा जिना, मध्ये वळताना सपाट जागा येते ती लँडिंग. दारापुढच्या दोन-चार पायऱ्यांना स्टेप्स म्हणतात. लॅडर म्हणजे शिडी, तो जिना नाही.

प्रश्न: घराच्या शब्दांची मोठी यादी पाठ केली, शंभरच्या वर शब्द आहेत, पण बोलायला गेलं की काहीच आठवत नाही. काय करू?

यादी बाजूला ठेवा. तुमच्याकडे नामं ढीगभर आहेत आणि क्रियापदं नाहीत, त्यामुळे प्रत्येक वाक्य 'देअर इज' नं सुरू होतं आणि तिथेच संपतं. घर बोलतं करायला चार-पाच क्रियापदं पुरतात. फेस घ्या: 'द फ्लॅट फेसेस ईस्ट', याला 'इज फेसिंग टू' असं काही लागत नाही. मग ओव्हरलुक: 'द बाल्कनी ओव्हरलुक्स अ पार्क', म्हणजे बाल्कनीतून खाली पार्क दिसतो. बाकी ऑफिसच्या मेलमध्ये ओव्हरलुक म्हणजे नजरेतून सुटणं, इथे तो अर्थ नाही. लीड टू म्हणजे वाट कुठे जाते: 'द पॅसेज लीड्स टू द किचन'. ओपन ऑन्टू म्हणजे दार थेट कशात उघडतं: 'द बेडरूम ओपन्स ऑन्टू द बाल्कनी'. आणि शेअर: 'वी शेअर अ वॉल विथ अवर नेबर्स'.

आता स्वतःच्या घराच्या दारापासून सुरू करा आणि चालत चालत मोठ्याने बोला. दारातून आत आलात की कुठे पोहोचता, डावीकडे काय, पॅसेज कुठे नेतो, खिडकीतून काय दिसतं. जिथे शब्द अडेल तो तेवढाच शोधा, खिडकीखालचा कट्टा म्हणजे विंडो सिल, तिची काच म्हणजे पेन, दाराची चौकट म्हणजे डोअर फ्रेम, बिजागरी म्हणजे हिंज. गरज पडली म्हणून शोधलेला शब्द टिकतो, यादीतला पळतो. मग हेच मित्राच्या घराचं करा, ऑफिसचं करा, आणि हो, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, स्वतःचा आवाज ऐकवत नाही हे मान्य पण 'देअर इज' किती वेळा आलं ते तिथेच कळतं.

प्रश्न: 'गो टू होम' चूक का? आणि घर बदललं हे 'वी शिफ्टेड' असंच ना?

होमच्या आधी गो, कम, गेट आलं की टू येत नाही: 'आय वेंट होम'. अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्सचंही तेच. पण मध्ये माय आलं तर टू परत येतं, 'कम टू माय होम', तरी अशा वेळी बोलताना हाउस किंवा प्लेस जास्त सहज वाटतं. शिफ्ट आपल्याकडे सगळ्यांना समजतं, बाहेर मात्र मूव्ह म्हणा: 'वी मूव्ह्ड लास्ट मंथ'. नवीन घरात राहायला गेलो ते 'मूव्ह्ड इन', जुनं सोडलं ते 'मूव्ह्ड आउट'.

प्रश्न: अमेरिकन घराच्या जाहिरातीत 'टू अँड अ हाफ बाथ्स' लिहिलंय, अर्धं बाथरूम म्हणजे काय?

हाफ बाथ म्हणजे फक्त टॉयलेट आणि वॉशबेसिन, अंघोळीची सोय नाही. म्हणजे त्या घरात दोन पूर्ण बाथरूम आहेत आणि एक पाहुण्यांना हात धुण्यापुरतं. आणि अमेरिकन माणसाने 'व्हेअर्स द बाथरूम' विचारलं तर त्याला टॉवेल देऊ नका, टॉयलेट दाखवा.