सेकेन्तेई, लौकिक आणि ‘समाज काय म्हणेल’

प्रश्न: ‘किनो नानि ताबेता?’ (काल काय खाल्लंस?) ही जपानी मालिका पाहते आहे. तिच्याविषयी वाचताना ‘सेकेन्तेई’ हा शब्द भेटला. एका मराठी लेखात त्याचा अर्थ ‘सामाजिक प्रतिष्ठा’ दिला होता, दुसऱ्यात ‘समाज काय म्हणेल ही भीती’. बरोबर कोणता? आणि मालिकेत शिरो आणि केन्जी हे दोन पुरुष जोडपं म्हणून राहतात, तर शिरोचा केन्जी मराठीत कोण: मित्र, प्रियकर की पार्टनर?

उत्तर: दोन्ही अर्थ चुकीचे आहेत, आणि दोन्हीकडे चूक एकाच शब्दाने केली आहे. तो शब्द ‘समाज’. हल्ली मालिकांत, मुलाखतींत, अग्रलेखांत जो तो ‘समाज काय म्हणेल’ म्हणतो. आपल्या आज्या ‘लोक काय म्हणतील’ म्हणायच्या, आणि त्यांचंच बरोबर होतं. समाज काही म्हणत नसतो. म्हणतात ते लोक: समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी, लग्नात भेटणारे आतेसासरे, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा. (‘आमच्या समाजात हे चालत नाही’ यातला समाज म्हणजे जात. तो बोलतो खरा, पण तो विषय वेगळा.)

‘समाज’चा आजचा अर्थ फार जुना नाही. अशोकाच्या गिरनारच्या पहिल्या लेखात ‘न च समाजो कतव्यो’ असं आहे. तिथे समाज म्हणजे उत्सवाला जमलेली गर्दी, आणि राजा म्हणतो की असे मेळावे भरवू नयेत. एकोणिसाव्या शतकात तोच शब्द आधी संस्थांच्या नावात शिरला (प्रार्थना समाज 1867, सत्यशोधक समाज 1873) आणि पुढे ‘सोसायटी’चा प्रतिशब्द होऊन बसला. जपानमध्येही त्याच सुमारास हेच घडलं. ‘सोसायटी’साठी तिथे ‘शाकाई’ हा शब्द रुळला तो 1870 च्या दशकात. 1875 मध्ये पत्रकार फुकुची गेन्इचिरो यांनी तो वर्तमानपत्रात वापरला. त्याची दोन अक्षरं जुन्या चिनी ग्रंथांतली आहेत. पहिलं भूमिदेवतेच्या ठाण्याचं, दुसरं जमण्याचं. म्हणजे ग्रामदैवताच्या उत्सवाला जमलेली माणसं! जत्रेच्या गर्दीचा शब्द उचलून दोन्ही भाषांनी त्याला सोसायटी केलं, आणि एकीला दुसरीची खबरही नव्हती.

आता ‘सेकेन्तेई’. हा दोन तुकड्यांचा शब्द आहे. ‘तेई’ म्हणजे रूप, बाहेरून दिसणारं स्वरूप. ‘सेकेन’ म्हणजे आपल्याभोवतीचं माणसांचं जग. कोश इथे थांबतात. खरी गंमत इथून पुढे आहे. सेकेन हा जपानी मातीतला शब्दच नाही. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना भाषांतरकारांनी सेकेनची दोन चिनी अक्षरं ज्या संस्कृत शब्दासाठी योजली, तो शब्द आहे ‘लोक’. आपल्या ‘लोक काय म्हणतील’मधला लोक!

बौद्ध परंपरेत अष्ट लोकधर्म सांगितले आहेत: लाभ-अलाभ, यश-अयश (म्हणजे कीर्ती-अपकीर्ती), निंदा-प्रशंसा, सुख-दुःख. आठांपैकी चार तर सरळसरळ इतरांच्या तोंडावर अवलंबून आहेत. ही कल्पना सेकेनच्या पोटात बसून जपानला गेली. राजपुत्र शोतोकु याच्या नावावरचं एक वचन तिथे प्रसिद्ध आहे: सेकेन खोटं, बुद्ध तेवढा खरा. आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात यामानोउए नो ओकुरा या कवीची एक छोटी कविता आहे. तिच्यात अक्षरं हीच, उच्चार मात्र ‘योनोनाका’. कवी म्हणतो की हे जग दुःखाचं आणि लाजेचं वाटतं, पण उडून जाता येत नाही, कारण मी पक्षी नाही. लाजेसाठी त्याने योजलेला शब्द ‘यासाशी’ हा झिजणं, रोडावणं या क्रियापदापासून आला आहे: लोकांच्या नजरेखाली झिजणं. तोच शब्द आज जपानीत ‘प्रेमळ’ या अर्थी वापरतात. शब्दांचा प्रवास असा असतो, आणि कोशकार त्याला दोन ओळीही देत नाहीत!

‘लोक’ची व्युत्पत्ती काय? पाली परंपरा म्हणते ‘लुज्जतीति लोको’, मोडतो म्हणून लोक. ही शिकवणीच्या सोयीची फोड आहे, व्युत्पत्ती नव्हे. युरोपीय पंडित ऋग्वेदातला ‘मोकळी जागा’ हा अर्थ धरतात, लिथुएनियन ‘लाउकास’ (शेत) आणि लॅटिन ‘लूकस’ (राई) यांच्या शेजारी लोक मांडतात आणि ‘पाहणे’ या अर्थाला मागाहून आलेला ठरवून मोकळे होतात. मला हे पटत नाही. जागा मोकळी झाली की तिथे उजेड येतो, आणि उजेड आला की दिसतं. रुच् (चमकणे), लोच् (पाहणे), लोचन, आलोक ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘लोकृ दर्शने’ (लोक् म्हणजे पाहणे) उगाच दिलेला नाही. अवलोकन, विलोकन, जपानात कान्नोन झालेला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, सगळीकडे पाहणंच आहे. माझं म्हणणं असं की मराठी माणसाच्या कानात लोक म्हणजे आधी पाहणारे आणि मग बोलणारे. जपानी माणूस ‘सेकेन नो मे’ म्हणतो, म्हणजे लोकांचे डोळे. मग सेकेन्तेई म्हणजे काय? पाहणाऱ्यांपुढचं आपलं दिसणं. यात प्रतिष्ठा कुठे आली? प्रतिष्ठा कमवावी लागते. सेकेन्तेई काही न कमावणाऱ्यालाही सांभाळावी लागते.

हे शिरोकडे पाहिलं की कळतं. योशिनागा फुमी यांच्या 2007 पासून चाललेल्या चित्रकथेवरची ही मालिका टीव्ही तोक्यो या वाहिनीवर 2019 मध्ये आली. निशिजिमा हिदेतोशी यांनी साकारलेला शिरो वकील आहे, उचिनो सेइयो यांचा केन्जी केशकर्तनकार. दोघं एका घरात राहतात, शिरो रोज रांधतो, दोघांच्या जेवणखाणाचा महिन्याचा खर्च 25,000 येनमध्ये बसवतो. पण ऑफिसात कुणाला पत्ता नाही, आणि केन्जीबरोबर कॉफी प्यायला बसायचं तरी त्याला अवघडतं. कुणी त्याला काही बोललेलं नसतं. बोलण्याच्या आधीची पायरी, पाहणं, तेवढीच त्याला पुरते. आईवडिलांना तर मुलगा कोण आहे हे ठाऊक आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी नववर्षाला तो केन्जीला घरी नेतो, आणि 2021 च्या चित्रपटात कळतं की पुढच्या नववर्षाला त्याला आणू नकोस असं घरून आलं आहे. यात राग नाही, शिव्याशाप नाहीत. माया आहे आणि तरी नको आहे. ‘सामाजिक दबाव’ असं भाषांतर केलंत की ही आई गायब होते आणि तिच्या जागी एक निबंध उरतो.

मध्ययुगीन युरोपचे इतिहासकार आबे किन्या यांनी सेकेन आणि शाकाई यांतला फरक फार चांगला दाखवला: शाकाई व्यक्तींची बनते, सेकेनमध्ये व्यक्ती नसतेच, नाती असतात. हे शंभर टक्के मान्य. पण त्याच्या आधाराने ‘सेकेन हे खास जपानी, दुसरीकडे सापडायचं नाही’ असं जे सांगत फिरतात, त्यांनी युरोपशी तुलना करून झाल्यावर जरा मराठी घरात डोकवावं. ‘यद्यपि शुद्धं लोकविरुद्धं न करणीयं नाचरणीयम्’ हे वचन पाठ असलेली माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? शुद्ध असलं तरी लोकविरुद्ध असेल तर करू नये! समर्थही ‘जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें’ सांगून गेले. शब्द आपला, भीती आपली, आणि तो जपानी असल्याचं आपल्यालाच सांगायचं?

तेव्हा सेकेन्तेईला मराठीत नवा शब्द घडवायची गरज नाही. तो आहे: लौकिक. बौद्ध ग्रंथांत लोक आणि लौकिक या दोन्हींसाठी चिनीत तीच अक्षरं येतात, आणि लोकोत्तरसाठी (लोकापलीकडचं) त्यांच्या आधी ‘बाहेर पडणे’ हे अक्षर लागतं. मराठीत लौकिक म्हणजे लोकांतलं नाव. ‘घराण्याच्या लौकिकाला जपणे’ यात सेकेन्तेई पुरती आली. इभ्रत आणि अब्रू जातात किंवा लुटल्या जातात, त्यांना आघात लागतो. लौकिकाला नुसती नजर पुरते. वाक्यात बोली हवी असेल तर ‘लोकांत कसं दिसेल’ लिहा. ‘चारचौघांत’ हाही अगदी घट्ट बसतो.

राहिला केन्जी. जपानीत ‘कोइबितो’ या शब्दाला लिंगाची अडचण नाही. आपल्याकडे ‘जोडीदार’ आहे, तो वापरा. ‘प्रियकर’ दोघांच्या वयाला आणि त्यांच्या भाजीच्या हिशेबांना शोभत नाही, आणि ‘पार्टनर’ने वकिलाच्या गोष्टीत धंद्यातला भागीदार डोकावतो. ‘मित्र’ मात्र कधीच नको. या मालिकेत मैत्रीचं खातं वेगळं आहे. सुपरमार्केटात कलिंगड अर्धं अर्धं घेण्यावरून ओळख झालेल्या कायोकोबाई, त्या शिरोच्या मैत्रीण. परपुरुष घरात आला म्हणून त्या घाबरल्या तेव्हा त्यांची भीती घालवायला त्याने आपण समलिंगी असल्याचं सांगून टाकलं, आणि त्या घराने ते सहज घेतलं. केन्जीलाही मित्र म्हटलंत तर कायोकोबाईंसाठी तुमच्यापाशी शब्द उरत नाही.