फोटो तोच, भाव वेगळा

प्रश्न : एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रिंट निघतात. मग फोटो कोटींना जातोच कसा?

उत्तर : पैसे मोजले जातात ते त्या विशिष्ट कागदासाठी. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी 1941 साली न्यू मेक्सिकोत टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’च्या हजारावर प्रिंट काढल्या. तरी 1948 मधली एक प्रिंट 2006 च्या लिलावात सहा लाख डॉलरच्या वर गेली. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. पुढे अॅडम्स ते आकाश काळंभोर करत गेले. मला स्वतःला ते काळं आकाशच आवडतं, पण बाजार जुन्या प्रिंटमागे धावतो. 2022 मध्ये मॅन रे या कलावंताच्या 1924 च्या फोटोला सव्वा कोटी डॉलरच्या आसपास किंमत आली. ती प्रिंटही त्याच काळातली, शिवाय 1962 पासून एकाच कुटुंबाकडे होती. मालकीचा असा सलग माग लागला की भाव चढतो.

प्रश्न : एडिशन, म्हणजे एका फोटोच्या ठरवून काढलेल्या मोजक्या प्रिंट, पाचची ठेवू की पन्नासची?

उत्तर : नवख्याने दहाच्या आतच राहावं. मात्र खरी मेख शब्दांत असते. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांच्या जुन्या फोटोंच्या मोठ्या डिजिटल प्रिंट 2012 मध्ये लिलावात आल्या. जुन्या मर्यादित प्रिंट जमवणारा एक संग्राहक कोर्टात गेला आणि हरला, कारण नवा आकार आणि नवं तंत्र म्हणजे वेगळी एडिशन ठरली. तेव्हा इतर आकारांत प्रिंट काढणार का, आर्टिस्ट प्रूफ (एडिशनच्या आकड्याबाहेर कलावंत स्वतःसाठी ठेवतो त्या प्रिंट) किती, हे आधीच प्रमाणपत्रावर लिहा. प्रिंटच्या मागे पेन्सिलने 3/7 (सातपैकी तिसरी) असा क्रमांक, सही आणि प्रिंट काढल्याचं वर्ष टाका. बॉलपेन नको, वळ पुढे उमटतो.

प्रश्न : छायाचित्रकार पीटर लिक यांचा फोटो 65 लाख डॉलरना गेला म्हणतात. खरं का?

उत्तर : 2014 चा तो आकडा विक्रेत्याच्या बाजूनेच जाहीर झाला. खरेदीदार अज्ञात, जाहीर लिलाव नाही. मी तो धरत नाही.

प्रश्न : इन्स्टावर हजारो लाइक्स मिळतात. पहिल्या प्रदर्शनात किंमत किती लावू?

उत्तर : लाइक्स विसरा. सुटे दहा ‘हिट’ फोटो टांगण्यापेक्षा एका विषयावरची मालिका लावा. गॅलरीवाले तेच बघतात. प्रिंट, फ्रेम, वाहतूक यांचा खर्च काढा. गॅलरी अनेकदा निम्मी रक्कम घेते, हेही हिशोबात धरा. सुरुवात कमीच ठेवा, पुढे वाढवता येते. नंतर उतरवलीत तर आधी घेणारे दुखावतात. आणि घरून ओळखीत निम्म्या भावाने देऊ नका, गॅलरीपर्यंत बातमी पोचतेच.