द्राक्षबागेच्या छाटणीसाठी बॅटरीवरची कात्री घ्यावी का?

नारायणगावजवळ आपली तीन एकर द्राक्षबाग आणि थोडे डाळिंब आहे, छाटणीला टोळी वेळेवर मिळत नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारी कात्री घेतल्याने काम उरकेल का, असे आपण विचारले आहे. पुणे जिल्ह्यातच माझी बाग असून अशी कात्री मी वापरतो, त्यावरून सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीसाठी, म्हणजे हंगामानंतर जुन्या काड्या काढून टाकण्याच्या छाटणीसाठी, ती जरूर घ्यावी. ऑक्टोबरच्या गोड छाटणीत, म्हणजे फळासाठीच्या छाटणीत, मात्र तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

खरड छाटणीत गेल्या हंगामाची कडक झालेली काडी ओलांड्यालगत (वेलीच्या आडव्या वाढवलेल्या जाड फांदीलगत) एखादा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, राखून काढायची असते. तिथे विचार थोडा आणि जोर जास्त लागतो. साधी कात्री दिवसभर दाबणाऱ्या माणसाच्या अंगठ्याच्या मुळाशी दुपारनंतर ठणका सुरू होतो आणि हात मंदावतो. बॅटरीच्या कात्रीने तो थकवा पुष्कळच कमी होतो. गोड छाटणीत प्रत्येक काडी निरखावी लागते. तिची जाडी किती आहे, ती सबकेन (शेंडा खुडल्यावर बाजूने फुटलेली काडी) आहे की सरळ काडी, डोळे तपासणीत (छाटणीआधी डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) घड कितव्या डोळ्यावर दिसला, हे पाहूनच कात्री कुठे लावायची ते ठरते, आणि वेळ जातो तो या पाहण्यात. तो वेळ कोणतीही मोटर वाचवू शकत नाही.

मजुरीचा हिशेबही आधी करावा. टोळी एकरी ठेक्यावर येत असेल आणि कात्री आपण पुरवणार असाल, तर काम लवकर संपल्याचा फायदा टोळीला मिळतो. दर आधी ठरवून घेतला नाही तर आपल्या पदरात काही पडत नाही. घरची माणसे छाटणी करत असतील तर गोष्ट वेगळी.

सर्वांत जपायचे ते डाव्या हाताला. बोटाएवढी काडी क्षणात तोडणारे पाते बोट आणि काडी यांत फरक करत नाही, आणि साधा हातमोजा त्याला अडवू शकत नाही. म्हणून काडी धरणारा हात पात्यापासून वीतभर लांब असावा आणि दोन माणसांनी एकाच वेलीवर काम करू नये. बोट सैल करताच पाते थांबते की चाप एकदा ओढल्यावर पूर्ण मिटूनच परत येते, हे घेण्यापूर्वी दुकानात सुकी काडी तोडून पाहावे. पहिल्या प्रकारचीच कात्री घ्यावी. बारीक काडीसाठी पाते अर्धेच उघडण्याची सोय असेल तर ती वापरावी, त्याने वेगही वाढतो. मांडवाची तार पात्यात आली की धारेला खाच पडते, आणि अशा पात्याने काप स्वच्छ येत नाही, काडी चिरडते. कात्री धरताना धारेचे पाते वेलीच्या बाजूला आणि आकडा, म्हणजे कात्रीची बिनधारेची वाकडी बाजू, टाकून द्यायच्या काडीच्या बाजूला असावा, म्हणजे दाबाची इजा टाकाऊ भागावर राहते. जुना ओलांडा किंवा खोड काढायचे असेल तर कात्रीवर बळजबरी न करता करवत घ्यावी.

डाळिंबाबाबत अधिक काळजी हवी, कारण तेल्या रोगाचे जिवाणू कात्रीबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. साधी कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात सरळ बुडवता येते. बॅटरीच्या कात्रीचे मात्र पातेच तेवढे फडक्याने पुसून घ्यावे लागते, मोटरमध्ये पाणी जाऊ देऊन चालत नाही. प्रत्येक झाडानंतर हे करण्याचा कंटाळा येणार असेल, तर डाळिंबाला साधी कात्रीच बरी. हायपोक्लोराईटने पाते गंजते, त्यामुळे संध्याकाळी ते धुऊन, कोरडे करून तेलाचा हात द्यावा.

बॅटऱ्या किमान दोन घ्याव्यात. एप्रिलच्या उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला न लावता सावलीत निवू द्यावी, अन्यथा तिचे आयुष्य घटते. डिसेंबरमध्ये पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनात अशी अवजारे हाताळून पाहता येतात आणि खरड छाटणीला तेव्हा पुरेसा अवधी असतो. किंमत विचारण्याआधी सुटे पाते आणि बॅटरी नारायणगावात किंवा निदान पुण्यात मिळते का, ते विचारावे. ती मिळत नसेल तर स्वस्तातली कात्रीही घेऊ नये.