सुतक नसलेलं दुःख

“आपल्याला सुतक आहे का?”

सासूबाईंनी हे रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच उलगडा होत नव्हता. डिसेंबरातला मंगळवार, संध्याकाळी नात्यात साखरपुडा, आणि सून कपाट उघडं टाकून पलंगाच्या कडेला बसून राहिलेली. रविवारी पहाटे, ती शिकवते त्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका झोपेतच गेल्या होत्या. सासूबाईंचा हिशेब सरळ होता. भावकी नाही, माहेरची नाही, सोयरसुतक काही नाही, मग साखरपुड्याला जायला हरकत कसली? सून उठली, साडी नेसली, जाऊन आली. पेढाही खाल्ला.

चार महिन्यांनी, एप्रिलच्या टळटळीत दुपारी, ही सून माझ्याकडे आली. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत माझी समुपदेशनाची खोली आहे. खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या, तोच म्हणाल्या, “मॅडम, मी नाटक करतेय का, तेवढं सांगा.”

त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. गेलेल्या शिक्षिका त्यांच्या ‘ताई’. दोघी सतरा वर्षं एकाच स्टाफरूममध्ये, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, आणि सिडकोतून जाता-येता एकाच स्कूटरवर.

बाईंना पहाटे चारला जाग यायची. खांदे आखडलेले असायचे. नववीच्या मुलांवर उगाच ओरडणं व्हायचं. एकदा पेट्रोल पंपाच्या रांगेत रडू कोसळलं, कारण पुढच्या स्कूटरवर दोन बायका होत्या. नवरा भला माणूस, पण तोही आता म्हणू लागला होता की चार महिने झाले, अजून किती? हे सगळं त्यांनी भराभर सांगितलं. मग थांबून, आवाज खाली आणून, मुळातली बोच सांगितली. “माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मी इतकी रडले नव्हते. आईपेक्षा मला शाळेतली बाई जास्त? माझ्यातच काहीतरी खोट आहे.”

हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळदा येतो. बँकेतल्या शेजारच्या काउंटरवरचा माणूस जातो, वॉर्डातली जोडीची सिस्टर जाते, आणि मागे राहिलेला माणूस ओशाळवाणं होऊन विचारतो, मला इतकं का होतंय? माझा काय अधिकार?

आणि इथे मी चुकले, ते सांगायला हवं. ‘आई’ हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यातलं पुस्तक आपोआप उघडलं. आईचं दुःख तेव्हा राहून गेलं असणार, ते आता ताईंच्या निमित्ताने वर येतंय, असं मी धरून चालले. दोन भेटी मी आईभोवतीच घुटमळत राहिले. तिसऱ्या भेटीत बाई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही दर वेळी आईला का आणता? मी ताईबद्दल बोलायला आलेय.” सासूबाईंनी सुतक विचारलं होतं. मी जरा शिकलेल्या भाषेत तेच विचारत होते. ताईंसाठी रडायलाही मला आईची चिठ्ठी हवी होती.

त्या दिवशी मी त्यांच्यापुढे कागद सरकवला आणि म्हटलं, तुम्ही गणिताच्या शिक्षिका, हिशेब तुम्हीच मांडा. ताईंच्या सहवासात किती वेळ गेला? त्यांनी पेन काढलं. शाळेचे दिवस वर्षाला २२० धरले. ऑफ तास, मधली सुट्टी, स्कूटरवरचा वेळ मिळून दिवसाला दोन तास. गुणिले सतरा वर्षं. उत्तर आलं ७४८० तास. मग माझ्या सांगण्याशिवायच त्यांनी खाली दुसरी ओळ लिहिली, पुण्याच्या सख्ख्या बहिणीची. वर्षातून दोनदा भेट, दोन-दोन दिवस. ती ओळ त्यांनी पूर्ण केलीच नाही. पेन ठेवलं आणि डब्याबद्दल बोलायला लागल्या. ताई भाकरी आणायच्या, बाई पोळी. सतरा वर्षं अर्धी भाकरी इकडे आणि अर्धी पोळी तिकडे. डिसेंबरपासून बाईंच्या डब्यात अर्धी पोळी उरत होती.

आईचं उत्तर मग दोन वाक्यांत झालं. आई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. ते दुःख हप्त्याहप्त्याने आधीच फेडलं गेलं होतं, आणि उरलेलं सगळ्या नातेवाइकांनी मिळून वाटून घेतलं होतं. रडण्याच्या मापाने माया मोजायची म्हटली तर गणिताच्या बाईसुद्धा चुकतात.

सुतकाचं मात्र थोडं सविस्तर सांगते. त्यात शिवाशिव आहे, बायकांच्या माथी मारलेली बंधनं आहेत, मी स्वतः पाळत नाही. पण त्या दहा-तेरा दिवसांत आणखीही काही होत असतं. शेजारून पिठलं-भात येतो. माणसं येतात आणि काही न बोलता बसून राहतात. कामावर या म्हणून कुणी फोन करत नाही. दहाव्याला गंगेवर जायचं (नाशिककरांची गोदावरी म्हणजे गंगाच), तेराव्याला गोड जेवायचं, आणि मग कुणीतरी वडीलधारं सांगतं, आता लागा कामाला. दुःख कुणाचं, ते किती दिवस उघडपणे करायचं आणि कधी उठायचं, हे सगळं ठरलेलं. घरच्यांना या सगळ्याचा टेकू मिळतो. सहकाऱ्याला काय मिळतं? बाईंच्या शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं स्तब्धता झाली, अर्धा दिवस सुट्टी मिळाली. मंगळवारी प्रॉक्सीच्या, म्हणजे बदली तासांच्या, वहीत ताईंच्या नावावर लाल रेघ होती आणि वर बाईंचं नाव. दहावी ब, तिसरा तास.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत मी त्याला समाजाची मान्यता न मिळालेलं दुःख म्हणते. बाईंना मी एवढंच म्हटलं, “तुमचं हे सुतक नसलेलं दुःख आहे.” त्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

पण गाठ अजून सुटली नव्हती. डिसेंबर ते मार्च बाई ठणठणीत होत्या. स्वतःची गणितं सांभाळून दहावी ब चं विज्ञान शिकवलं, सराव परीक्षा घेतल्या, जादा तास घेतले. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला आणि त्या आठवड्यात कोसळल्या. असं का? पाचव्या भेटीत त्यांनी रामकुंडावरची गोष्ट सांगितली.

दशक्रियेला शाळेतले सगळे गेले होते. घरचे पुढे, स्टाफ मागे पायऱ्यांवर. पिंड ठेवला, कावळा येईना. नवऱ्याने सांगून झालं की मुलीचं शिक्षण पूर्ण करीन. भावाने काहीतरी सांगितलं. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, एकही उतरेना. अर्धा तास गेला. बाई मागे उभ्या होत्या, त्यांना कोण विचारणार? त्या मनातल्या मनात म्हणाल्या, ताई, दहावी ब चं मी बघते, तू जा. आणि कावळा शिवला.

“हे मी कुणालाच सांगितलं नाही, मॅडम. नवऱ्यालाही नाही. घरच्यांचा हक्क होता ना तो.”

कावळा कुणाच्या शब्दावर उतरला, हे ठरवणारी मी कोण? माझ्या कामाचं एवढंच होतं की बाईंनी एक वचन दिलं होतं आणि ते एकटीने वाहिलं होतं. ते पाळायचं तर रडायला वेळ नव्हता. इतकंच नाही, त्या ताईंसारखं शिकवू लागल्या होत्या. ताई जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस काढून मुलांना आम्ल-आम्लारी दाखवायच्या. लिंबू पिळलं की गडद गुलाबी, साबणाचं पाणी घातलं की हिरवा. बाईंनी तोच प्रयोग केला, तेच विनोद केले, आवाजही तसाच चढवला. मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. मग वचन पूर्ण झालं, मुलं परीक्षा देऊन गेली, आणि त्यांच्याबरोबर ताईंशी असलेला शेवटचा धागाही गेला. बाकीच्यांचा शोक संपत आला तेव्हा बाईंचा सुरू झाला. “चार महिने झाले” हा नवऱ्याचा हिशेब म्हणूनच चुकला होता. बाईंचे जेमतेम तीन आठवडे झाले होते.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस झोक्यासारखा हलत असतो. कधी दुःखाकडे, कधी रोजच्या कामाकडे. दोन्ही लागतं. बाईंचा झोका चार महिने एकाच बाजूला अडकवून ठेवलेला होता, इतकंच. त्यांनी मोबाइलवर आलेला शोकाच्या पाच टप्प्यांचा संदेश मला दाखवला आणि विचारलं, मी कितव्यात? एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी त्या इयत्ता नव्हेत. नकारात पास होऊन रागात बढती, असं काही नसतं. एका शिक्षिकेला हे समजावायला फार वेळ लागला नाही.

मग मी विचारलं, ताईंचं काय आवडायचं नाही?

त्या दचकल्या. शोकसभेत संस्थेचे एक पदाधिकारी ताईंना ‘शांत, मितभाषी, शिस्तप्रिय आदर्श शिक्षिका’ म्हणाले होते. बाई तिथे बसून विचार करत होत्या की हा माणूस कुणाबद्दल बोलतोय. ताई सटाण्याकडच्या, चिडल्या की थेट अहिराणीत सुरू व्हायच्या, आणि त्यांचा आवाज खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांपर्यंत जायचा. रोजच्या पाठांची टाचण वही त्यांनी जन्मात वेळेवर भरली नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंची वही पळवायच्या आणि मधल्या सुट्टीत पंधरा दिवसांचं टाचण उतरवून काढायच्या, तेही गणिताच्या वहीवरून विज्ञानाचं! (ते कसं जमायचं हे मला अजूनही कळलेलं नाही.) मस्टरवर सही करायला त्या कधीच वेळेत पोचल्या नाहीत. स्कूटर बाईंची, उशीर ताईंचा, आणि बोलणी दोघींना. कुणाचे लाल पेन परत नाहीत. गुण देताना हात आखडता. आणि नापास होणाऱ्या पोराला घरी बोलावून, चहा-बिस्किटं देऊन, दोन महिने फुकट शिकवायचं, तेही कुणाला कळू न देता.

बाई सांगता सांगता हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. त्या तासात मी जवळपास काहीच केलं नाही. माझ्या मते शोकसभेत हेच व्हायला हवं होतं. फोटोला हार घालणाऱ्यांपेक्षा शेजारी बसणाऱ्यांना आधी बोलू द्यावं, आणि शिपाईमामांनाही. एखादी शाळा हे वाचत असेल तर आणखी एक विनंती, त्या माणसाचा तास लगेच दुसऱ्या दिवशी त्याच्या सर्वात जवळच्या मैत्रिणीला देऊ नका. आणि त्या वर्गातल्या मुलांनाही विचारा. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला शाळेतल्या कुणीही काही विचारलं नव्हतं.

काळजी कधी करायची, हेही बाईंनी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आजार म्हणण्यासाठी किमान सहा महिने धरले आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठी बारा. नुसता काळ लोटला म्हणून काही होत नाही. ओढ जराही ओसरत नाही, रोजचं जगणं अडून बसतं, आपणही जाऊ या असं वाटू लागतं, तेव्हा थांबू नये. आणि मरणाचे विचार आले तर महिने मोजत बसायचंच नाही, त्याच दिवशी बोलायचं. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. बाई त्या वाटेवर नव्हत्या. मी विचारून खात्री करून घेतली होती, सरळ शब्दांत.

मी त्यांना एकच काम दिलं. रामकुंडावरची गोष्ट घरात एका माणसाला सांगा. मला वाटलं नवऱ्याला सांगतील. त्यांनी सासूबाईंना सांगितली, मेथी निवडताना. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बाईंना वाटलं, झालं, आता पुन्हा सुतक निघणार. निघालं नाही, पण दुसरंही काही निघालं नाही, आणि आमच्या भेटी जूनमध्ये थांबल्या. शाळा सुरू झाली. ताईंच्या खुर्चीवर नव्या शिक्षिका आल्या, बाईंना राग आला, तो आठवडाभरात ओसरला. प्रयोगशाळेच्या कपाटात सुकवलेल्या जास्वंदीची बरणी सापडली, ती त्यांनी नव्या बाईंना दिली आणि वापरायची कशी ते सांगितलं.

भाद्रपदात त्यांचा फोन आला. सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी आपणहून विषय काढला होता. म्हणाल्या, महालयात घरच्यांची नावं झाली की गुरूचं, शिष्याचं, मित्राचंही नाव घेतात. आपण तुझ्या ताईचं एक पान काढू. काय आवडायचं तिला?

“भाकरी केली, मॅडम. आणि ठेचा. गच्चीत पान ठेवलं. माझी शाळा अकराची, साडेनऊ वाजले तरी कावळ्याचा पत्ता नाही. खारी दोनदा येऊन गेल्या. सासूबाई कठड्याशी उभ्या, म्हणतात, येईल गं, थांब जरा. मी म्हटलं, आई, तुम्ही जेवून घ्या. ती मस्टरवर सही करायलासुद्धा कधी वेळेवर आली नाही.”